काटकसर आणि मित्रमंडळी: तुमच्याकडे काय चालतं ते आकड्यांसकट लिहा

घरभाडं, हप्ते, फी यांना हात लावता येत नाही, त्यामुळे खर्चाला कात्री लावायची ठरली की पहिली गदा भेटीगाठींवर येते. वर्षभर असंच चाललं की माणसं तुटतात. तसं न होता हात आखडता ठेवायच्या पद्धती इथे लिहूया. काय करायचं, किती, आणि कुठे फसतं, एवढं यावं.

*

आधी खरा आकडा काढा. बँकेचं १२ महिन्यांचं स्टेटमेंट घ्या आणि माणसांमुळे झालेल्या प्रत्येक खर्चापुढे खूण करा. हॉटेलचं बिल सगळ्यांना आठवतं. उशीर झाला म्हणून केलेली टॅक्सी, एका समारंभासाठी घेतलेले कपडे, जाताजाता उचललेली भेटवस्तू हे मात्र 'प्रवास', 'कपडे', 'किरकोळ' यांत लपून बसतं.

मग दोन ढीग करा. लग्नं, वाढदिवस, सहल असे वर्षातून एकदाच येणारे खर्च एकीकडे. त्यांची बेरीज १२ ने भागा आणि तेवढी रक्कम पगार झाल्याच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. बहुतेक बजेटं इथेच कोसळतात, कारण अख्ख्या वर्षाचा खर्च एका महिन्याच्या अंगावर येतो. उरलेली नेहमीची भेटण्याची रक्कम आठवड्यावर वाटताना ४ ने नाही, ५ ने भागा. काही महिन्यांत पाच शनिवार-रविवार येतात आणि नेमका शेवटचा कोरडा जातो.

*

बाहेर जेवायला जाताना बिल समान वाटायचं की ज्याचं त्याने द्यायचं, हे ऑर्डर देण्याआधी बोला. बिल टेबलावर आल्यावर विषय काढला की चिकटपणा वाटतो. समान वाटणीत माणसं जास्त मागवतात, हे उरी ग्नीझी, अर्नान हारुवी आणि हदास याफे यांच्या २००४ सालच्या अभ्यासात दिसलं आहे. कारण सरळ आहे: सहा जणांत जास्तीच्या डिशचा फक्त सहावा हिस्सा आपल्या खिशातून जातो. असा विचार प्रत्येकजण करतो आणि बिल सगळ्यांचंच फुगतं.

वेगळी बिलं करून मिळणार नसतील तर आपल्या पदार्थांची बेरीज ऑर्डर देतानाच मोबाइलवर लिहून ठेवा, कर आणि सेवाशुल्क त्याच प्रमाणात धरा. पेयं आणि गोड हे मूळ जेवणाच्या बरोबरीने बिल वाढवतात, तेव्हा कापायचंच तर तिथे कापा.

*

वरच्यात भर. दिवसभर वेगवेगळ्या लोकांनी पैसे भरले असतील तर प्रत्येक बिल तिथल्या तिथे वाटू नका, शेवटी एकदाच निव्वळ हिशोब करा. समजा पाच जण आहेत. 'अ'ने ६००, 'ब'ने २५०, 'क'ने ५० भरले, 'ड' आणि 'इ'ने काहीच नाही. एकूण ९००, प्रत्येकी १८०. म्हणजे 'अ'ला ४२० आणि 'ब'ला ७० यायचे. 'क'कडून १३०, 'ड' आणि 'इ'कडून १८०-१८० जायचे. 'ड' आणि 'इ' यांनी 'अ'ला द्यायचे, 'क'ने 'अ'ला ६० आणि 'ब'ला ७०. चार व्यवहारांत सगळं मिटलं. माणसं कितीही असोत, त्यांच्या संख्येपेक्षा एक कमी एवढ्या व्यवहारांत हिशोब बसतोच. त्याच रात्री मिटवा. आठवडा गेला की मागायला संकोच वाटतो आणि पैसे बुडतात.

*

घरी जमणं सगळ्यांत स्वस्त, पण 'प्रत्येकाने काहीतरी आणा' एवढंच सांगितलं तर ते महाग पडतं. आठ जणांतला प्रत्येकजण आठही जणांना पोटभर पुरेल एवढं आणतो आणि ढीगभर उरतं. प्रमाण सांगूनच टाका: मोठ्या माणसामागे सगळं मिळून साधारण अर्धा किलो शिजवलेलं अन्न. आठ जणांना ४ किलो. चौघांनी प्रत्येकी १ किलोचा एकेक पदार्थ आणायचा, बाकीच्यांनी पेयं, बर्फ, ताटल्या. कोण काय आणणार हे नावानिशी लिहा, नाहीतर तीन घरांतून एकच पदार्थ येतो. यजमानाकडे पदार्थ देऊ नका. गॅस, वीज आणि आवराआवर त्याच्याकडे आहेच.

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणून निम्मं आधीच फ्रिजमध्ये ठेवायचं आणि लागेल तसं काढायचं. उरलेलं न्यायला प्रत्येकाने झाकणाचा डबा आणायचा. वाढायचा डाव मात्र हमखास विसरतो, तो यादीत घालाच.

*

मला यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: बेत सुचवणारा खर्चही ठरवतो. दुसऱ्याच्या बेताला नकार देत बसण्यापेक्षा आपण आधी सुचवा. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत जावे लागतात, जवळच्या मैत्रीला २०० हून जास्त. लागतात ते तास. एक शनिवार सोडून एक, सकाळी ७ ते ९ फिरायला गेलात तर वर्षाचे ५२ तास होतात, फुकट. वार आणि वेळ पक्की हवी. दर वेळी 'कधी जमेल?' विचारलं की तिसऱ्या भेटीलाच गाडी अडते.

*

नाही म्हणायचं कसं? एका दिवसाच्या आत, एका ओळीत, पुढचा बेत जोडून: 'या वेळी जेवणाला नाही, खर्च आवरता घेतलाय. रविवारी सकाळी ८ ला फिरायला भेटूया?' खोटी सबब सांगू नका. तब्येतीचं कारण दिलं की मंडळी काळजीने तोच महागडा बेत पुढच्या आठवड्यावर ढकलतात, आणि तुम्ही पुन्हा तिथेच. 'बघू' तर नकोच. तुमचं डोकं धरून बुकिंग होतं आणि हिस्सा भरावा लागतो.

*

गाडीचा हिशोब: २४० किमी, लिटरला १६ किमी, म्हणजे १५ लिटर. मालकासह चौघे असाल तर इंधन तिघांनीच भरावं, प्रत्येकी ५ लिटरचे पैसे. टायर आणि सर्व्हिसिंगची झीज मालकाच्या माथी असते. टोल आणि पार्किंग चौघांत. मालकानेही खर्चापेक्षा जास्त घेऊ नये, नफा झाला तर खासगी गाडीच्या विम्याला अडचण येऊ शकते.

*

सहलीत खोलीचं भाडं डोक्यावर नाही, खोलीवर वाटा. दोघांच्या खोलीत एकटा राहणाऱ्याने पूर्ण भाडं द्यायचं. बुकिंगआधी एक तारीख ठरवा: त्यानंतर गळणारा आपला हिस्सा सोडेल किंवा बदली माणूस देईल. हे आधी लिहून घेतलं नाही तर गळालेल्याचा भार नेमका काटकसर करणाऱ्यावर पडतो, कारण त्याच्याकडेच शिल्लक मोजून ठेवलेली असते.