मारलेला फेझंट गाडीत घालायला परवाना, उडणाऱ्याला आभाळ मोकळं?

रानभूल: मुक्काम इंग्लंड, हेरफर्डशायर. हिवाळ्यात शनिवारी जवळच्या इस्टेटीवर फेझंटच्या (कोंबडीच्या कुळातला, लांब शेपटीचा पक्षी) शिकारीत हाकारे घालायला जातो. दिवसाअखेर हाकाऱ्यालाही ‘ब्रेस’ मिळते: एक नर, एक मादी, मानेला सुतळी बांधून जोडलेली. परवा मात्र कीपरने (इस्टेटीवरची पाखरं सांभाळणाऱ्याने) हात जोडले. दीड मैलावरच्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघालाय. ३ किमीचा संरक्षण झोन, १० किमीचा निगराणी झोन. आतल्या झोनमध्ये मारलेला पक्षी परवान्याशिवाय बाहेर न्यायचा नाही.

आता गंमत बघा. तोच फेझंट गोळी चुकवून कुंपणावरून झोनबाहेर गेला, तर त्याला कोण अडवतो? मेलेला पक्षी खोकत नाही की हगत नाही. मग नियम त्यालाच का?

खानदेशी_कोंबडा: कारण जिवंत फेझंट उडून फारतर पलीकडच्या शेतात उतरतो. तुमची ब्रेस डिकीतून तीन तासांत लंडनला पोचते. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आमच्या नवापूरला निघाला. तेव्हाही ३ किमीच्या आतल्या कोंबड्या मारल्या. आमच्या गल्लीतल्या एकाने रात्री मोटारसायकलवर पोतं घालून दहा-बारा जिवंत कोंबड्या सासुरवाडीला पोचवल्या होत्या. ‘माझ्या तर धडधाकट आहेत,’ म्हणे. रोग नुसता पंखांवर जात नाही, माणसाच्या चाकांवरही जातो.

रानभूल: पोत्यातल्या जिवंत कोंबड्या आणि मेलेला फेझंट एका मापाने मोजताय.

डॉ_बाभूळ: पशुवैद्य म्हणून लिहिते. मेलेला हगत नाही हे खरं, पण हगलेलं पिसांना लागलेलं असतं, चोचीतून रक्त गळतं, आणि हा विषाणू थंड-ओल्या जागी आठवडेच्या आठवडे टिकतो. तुमच्याकडे पक्षी पिसांसकट थंड खोलीत टांगून मुरवतात ना? विषाणूलाही तेच हवामान मानवतं. नीट शिजवल्यावर मांसाचं भय नाही. भय आहे सोलण्याचं, पिसांचं, बुटांचं आणि कच्ची आतडी कुत्र्या-मांजराला घालण्याचं. नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूनेच गेले. मांजरकुळाला हा रोग फार वाईट.

टवाळ_तित्तर: डॉक्टरांचं पटलं, तरी सगळी चर्चा शेपटीवर चाललीये. मूळ बघा. ब्रिटनमध्ये दरवर्षी तीन कोटींहून जास्त फेझंट शिकारीसाठी वाढवून उन्हाळ्यात रानात सोडतात. जाळीत असेपर्यंत ते पाळीव, जाळीबाहेर पडले की रानपक्षी! एकाच पाखराची दोन रेशनकार्डं. त्यातली बरीच अंडी-पिल्लं फ्रान्सहून येतात. २०२२ मध्ये तिकडे लॉआर खोऱ्यात साथ आली आणि इकडचे कित्येक शूट (शिकारीचे दिवस) रद्द झाले. त्याच वर्षी आरएसपीबी या पक्षीसंस्थेने सोडणीच थांबवा म्हटलं होतं. ते राहिलं बाजूला, आणि हाकाऱ्याच्या पिशवीतले दोन पक्षी मोजत बसा.

खानदेशी_कोंबडा: सोडणी बंद करा, माझी ना नाही. पण ती बंद होईपर्यंत पिशवी मोकळी सोडायची? घराला दोन दारं उघडी असली तर हाताशी आहे ते आधी लावावं.

टवाळ_तित्तर: लावा की. पण मोठं दार इस्टेटवाल्यांचं म्हणून उघडं आणि छोटं गरिबाचं म्हणून बंद, हे दिसतंय तेवढं बोललो.

(अवांतर: फेझंटचं सुकं कुणी मालवणी मसाल्यात केलंय का?)

डॉ_बाभूळ: संरक्षण झोनमध्ये पक्षी सोडायला बंदी असतेच हो. अगदी मोकाट नाही.

रानभूल: डॉक्टर, तुमचं ‘सोलण्याचं’ वाचून थबकलो. गेल्या हंगामात मी अंगणात बसून चार पक्षी सोलले. पिसं कंपोस्टात टाकली, आतडी कोल्हा नेईल म्हणून कुंपणाशी ठेवली. त्या कुंपणापलीकडे शेजारीणबाईंच्या सहा कोंबड्या आहेत, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. ब्रेसचा हट्ट सोडतो. पण जुलैत त्या इस्टेटीवर पिल्लांचे ट्रक आले, तर याच धाग्यावर परत येईन. आणि तित्तर, मालवणी नाही, कांदा-लसूण मसाल्यात केलंय. वातड होतं, प्रेशर कुकरला चार शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात.