रॅप्टर की टीआरएक्स? माझं मत शॉकअबच्या (शॉक अ‍ॅब्झॉर्बरच्या) बाजूने

मुलुंडकर
रविवारी ठाण्यात चहावर जमलो होतो, तिथला वाद अर्धवट राहिला म्हणून इथे मांडतो. विषय दोन अमेरिकी पिकअपचा. मित्राचं म्हणणं असं, की फोर्डच्या एफ-१५० रॅप्टरपेक्षा रॅमची टीआरएक्स सरस, कारण तिचं ६.२ लिटरचं सुपरचार्ज्ड व्ही८ (आठ सिलिंडरचं) इंजिन ७०२ हॉर्सपॉवर देतं आणि रॅप्टरचं ३.५ लिटरचं व्ही६ (सहा सिलिंडरचं) फक्त ४५०.

मला हे पटत नाही. रानात भरधाव पळवायचा पिकअप आधी खालून बघावा, बॉनेट नंतर उघडावं. २०२१ च्या रॅप्टरचं पुढचं चाक १४ इंच आणि मागचं १५ इंच वरखाली होतं (३५ इंची टायरवर). टीआरएक्सची चाल १३ इंचांच्या आसपास. रॅप्टरच्या फॉक्स कंपनीच्या शॉकअबमध्ये तेलाला बगलेतून निघायला वाटा ठेवलेल्या असतात. चाक मधल्या टप्प्यात असेपर्यंत तेल सहज सरकतं आणि गाडी मऊ चालते. चाक पार टोकाला जायला लागलं की त्या वाटा मागे पडतात, तेल अडतं आणि शॉकअब कडक होतो. म्हणून उडी मारून खाली आल्यावर दणका पाठीत बसत नाही.

शॉकअबचं काय होतं ते मी हाताने अनुभवलंय. माझ्याकडे इसुझूची जुनी व्ही-क्रॉस पिकअप आहे. कर्जतच्या आत सहा-सात किलोमीटर फुटका रस्ता जरा जोरात काढला, थांबलो आणि मागच्या शॉकअबला हात लावला, तर चटकाच बसला. तेल तापून पातळ झालं होतं आणि शेवटचा किलोमीटर गाडी नुसती हिंदकळत होती. त्या वेळी माझ्याकडे ७०२ घोडे असते तरी मला वेग कमीच करावा लागला असता.

चेंबूरकर
असहमत. तुमच्याच कसोटीवर बघू. रॅमने १५०० या पिकअपला (टीआरएक्स तिचाच अवतार) मागे कॉइल स्प्रिंग २००९ पासून दिली आहे. टीआरएक्स ऑगस्ट २०२० मध्ये आली तीही कॉइलवर. एफ-१५० रॅप्टर तोवर मागे पाट्यांवरच (लीफ स्प्रिंगवर) चालत होती, तिला कॉइल मिळाली फेब्रुवारी २०२१ च्या नव्या अवतारात. मग खालून बघायचं म्हटलं तर पुढे कोण होतं?

आता ताकदीचं. भुसभुशीत वाळू चाकाला सतत मागे ओढते. इंजिन दमलं की चाक वाळू उकरत खाली बसतं आणि मग फावडं काढावं लागतं. मी नोकरीनिमित्त चार वर्षं अ‍ॅरिझोनात होतो. सहकाऱ्याची टीआरएक्स वाळूच्या चढावर चालवली आहे. अर्ध्या चढावर पाय दाबला तरी इंजिन मागे हटत नाही, तेव्हा वाटणारा भरवसा कागदावरच्या आकड्यांत दिसत नाही. आणि व्ही६ पुरेसं होतं, तर फोर्डने २०२३ च्या रॅप्टर आर मध्ये ५.२ लिटरचं सुपरचार्ज्ड व्ही८ घालून ती ७०० हॉर्सपॉवरवर का नेली?

मुलुंडकर
कॉइलचा मुद्दा मान्य. तिथे रॅम पुढे होती, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

पण रॅप्टर आर आली ती टीआरएक्सला उत्तर म्हणून, आणि व्ही६ वाली रॅप्टर तिच्यासोबत विकली जातेच आहे. टीआरएक्स मात्र २०२४ ला थांबली. तिच्या जागी आलेल्या आरएचओमध्ये ३ लिटरचं सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो आहे, ५४० हॉर्सपॉवरचं. वाळवंटातल्या डाकार रॅलीकडेही बघा. २०२२ मध्ये टोयोटाची स्पर्धेतली हायलक्स पिकअप ५ लिटरचं व्ही८ सोडून ३.५ लिटरच्या ट्विन टर्बो व्ही६ वर आली. त्याच वर्षी नियम बदलल्यामुळे चाकाची चाल २८० वरून ३५० मिलिमीटर झाली आणि टायर ३२ वरून ३७ इंची. नासेर अल-अत्तियाने २०२२ आणि २०२३, दोन्ही वर्षं तिच्यावरच डाकार जिंकली. इंजिन लहान झालं, चाल वाढली. माझं म्हणणं याहून वेगळं नाही.

चेंबूरकर
व्ही८ कमी पडलं म्हणून आरएचओ आलेली नाही, धुराचे नियम आणि इंधनाचा हिशोब यामुळे आली. गिऱ्हाइकांनी धोशा लावला तेव्हा त्याच रॅमने २०२६ च्या १५०० मध्ये ५.७ लिटरचं हेमी व्ही८ परत आणलं. डाकारचं विचाराल तर ती स्पर्धेसाठी बांधलेली गाडी, शोरूमच्या हायलक्सशी तिचं नावापुरतं नातं.

गिरगावकर
दोघांचंही वाचलं. शनिवारी रात्री आमच्या आवारात टेप घेऊन खडूने रॅप्टर आखली, ५.९ मीटर लांब आणि २.२ मीटर रुंद, आरसे सोडून. एका बाजूला जिन्याची पहिली पायरी चौकटीत आली, दुसऱ्या बाजूला पाण्याची मोटर. शेजारच्या काकांची वॅगन आर तिरकी लावली तरी निघेना. अमेरिकेतही ८० इंचांपेक्षा रुंद गाडीला ओळखीचे दिवे लावावे लागतात. रॅप्टरच्या जाळीतले ते तीन पिवळे दिवे त्यासाठीच आहेत, शोभेचे नाहीत.

शिवाय टीआरएक्सचा तिथला सरकारी अ‍ॅव्हरेज लिटरला जेमतेम ५ किलोमीटर. मुंबईत बोलायचं तर हायलक्स आणि व्ही-क्रॉसवर बोला. हायलक्स १.८५ मीटर रुंद, २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). व्ही-क्रॉस जवळपास तेवढीच रुंद, १.९ लिटर, १६३ पीएस. लांबीला दोन्ही ५.३ मीटरच्या आसपास, तरी आमच्या फाटकातून आत येतात.

मुलुंडकर
दादा, फाटकातून येत नाही म्हणून गाडीवर बोलायचंच नाही, हे पटत नाही. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्ही मागे पाट्यांवर आहेत आणि पाटे बसवलेत माल वाहायला. हौदा रिकामा असला की मागची चाकं नाचतात. गेल्या पावसाळ्यात भंडारदऱ्याला निघालो, तेव्हा कसाऱ्याच्या आधीच्या खड्ड्यांत मागची सीट जागेवर ठरेना. शहापूरला रेतीच्या चार गोण्या हौद्यात टाकल्या आणि गाडी शांत झाली. रॅप्टरचा मागचा भाग मी इतका का वाखाणतो ते यावरून समजा.

अलिबागची
आमच्या घरी हायलक्स आहे, वाडीवरून नारळ-सुपारी नेते. ५०० न्यूटन मीटरचा टॉर्क चढावर लोड घेऊन निघताना कळतो, तिथे मला कधी कमी वाटलं नाही. पण रिकाम्या हौद्याबद्दल मुलुंडकर बरोबर बोलताहेत. माझ्या सासऱ्यांना मागच्या सीटवर वडखळपर्यंतसुद्धा बसवत नाही.

तुम्ही सगळे एक गाडी विसरलात, फोर्डचीच लहान पिकअप रेंजर रॅप्टर. २०२२ च्या पिढीत ३ लिटरचं ट्विन टर्बो व्ही६, ३९७ पीएस, मागे कॉइल, फॉक्सचे शॉकअब, आणि थायलंडच्या कारखान्यात ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगची बनते. रुंदी २.०३ मीटर. गिरगावकरांच्या चौकटीतून १७ सेंटिमीटर कमी करून बघा. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन गुंडाळायचं ठरवलं, याचं मला आजही वाईट वाटतं. रस्ते, घाट, पाऊस, सगळं त्या गाडीला साजेसं आहे आणि ती इथे विकायला नाही.

गिरगावकर
आखून बघितलं. पायरी सुटली. मोटर अजून घासते, पण ती आम्ही हलवू शकतो.

चेंबूरकर
रेंजर रॅप्टरला माझा विरोध नाही. ३९७ पीएस आहे म्हणूनच ती तुम्हाला आवडली, एवढं लक्षात ठेवा. तीच गाडी आधी २ लिटर डिझेलवर आली होती, २१३ पीएसची. शॉकअब तेव्हाही फॉक्सचेच होते, आणि लोकांची पहिली तक्रार इंजिनाचीच होती.

अलिबागची
त्या डिझेलवालीतही मी आनंदाने बसले असते. रविवारी मी हायलक्स घेऊन कर्जतला येते. आधी रिकामी चालवा, मग नारळाची पोती टाकून चालवा.

मुलुंडकर
येतो. सकाळी सात वाजता, स्टेशनबाहेर.

चेंबूरकर
मीही येतो. इंजिनाबद्दलचं माझं मत तेच आहे.