हार्टनेल : आडनाव की हुद्दा?

एका इंग्रजी शब्दकोड्यात ‘राणीचा शिंपी, आठ अक्षरे’ असं सूत्र होतं. उत्तर निघालं हार्टनेल. कोशात हा शब्द सापडला नाही. टेलरसारखं धंद्यावरून पडलेलं आडनाव आहे का?

— नाही, सुईदोऱ्याशी काही नातं नाही. यातला ‘हार्ट’ म्हणजे हृदय नव्हे (त्याच्या स्पेलिंगात एक ‘ई’ जास्त असतो), तर नर हरीण. ‘नेल’ही खिळा नव्हे, टेकडीचा माथा. डेव्हन परगण्यातल्या हार्टनॉल या जागेवरून आडनाव आलं. थोडक्यात, हरणटेकडीकर! राजघराण्याचा वास लागला तो नॉर्मन हार्टनेल (१९०१–१९७९) यांच्यामुळे. केंब्रिज पदवीविना सोडून त्यांनी १९२३मध्ये लंडनला दुकान थाटलं. ब्रिटनची राणी दुसरी एलिझाबेथ हिचा १९४७चा (तेव्हा ती राजकन्या होती) लग्नाचा पोशाख त्यांचाच. तेव्हा कापड कुपनांवर मिळे, नवरीही त्यातून सुटली नाही. १९७७मध्ये ते ‘सर’ झाले.

— १९५३चा राज्याभिषेकाचा पोशाख विसरलात! त्यावर राष्ट्रकुलातल्या देशांची चिन्हं भरली होती : कॅनडाचं मेपलचं पान, पाकिस्तानचे गहू, कापूस नि ताग, आपलं कमळ. वेल्ससाठी हार्टनेलना डॅफोडिलचं फूल हवं होतं. पण अधिकृत चिन्ह लीक, म्हणजे कांद्याच्या पातीचा थोराड भाऊ. शेवटी राणीच्या झग्यावर भाजी भरावी लागली, आणि ती देखणी दिसली म्हणे.

— सूत्रातला ‘शिंपी’ मला खटकतो. शिंपी स्वतः बेततो, शिवतो. हे चित्रं काढणार; भरतकाम आणि शिलाई कारखान्यातल्या बायका करणार. ‘वस्त्ररचनाकार’ अचूक आहे, पण सरकारी परिपत्रकातला वाटतो. ‘वेशभूषाकार’ नाटकातला.

— नाटकातला तर नाटकातला, केंब्रिजला त्यांची सुरुवात तिथूनच झाली होती. आणि शिंप्याला एवढं हलकं लेखू नका. फ्रेंच ‘कुट्यूर’, इंग्रजी ‘सो’ (sew) आणि आपलं ‘शिवणे’ (संस्कृत ‘सिव्’) यांचं मूळ एकच. पॅरिसचा मोठा कुट्यूरिए घ्या, अर्थ शिवणाराच.

— आभार. आता एकच शंका. इंग्रजीत नुसतं ‘तिने हार्टनेल घातलं होतं’ असंही म्हणतात. मराठीत लिंग कोणतं?

— झगा किंवा गाऊन मनात असेल तर ‘घातला’. ‘नेसली’ मात्र नको, ते पैठणीला राहू द्या.