मदत हवी आहे: पहिल्या बूटला दोन बोर्डांची एसएसएच होस्ट-की सारखीच

एआरएम बोर्ड, लिनक्स ४.९, बिझीबॉक्स (लिनक्सच्या मूलभूत आज्ञांचा छोटा संच), ड्रॉपबेअर (एसएसएचचा, म्हणजे सुरक्षित दूरस्थ लॉगिनचा, छोटा सर्व्हर). बॅटरीवरचं घड्याळ नाही, हार्डवेअर आरएनजी (यादृच्छिक आकडे देणारं सर्किट) नाही. सगळ्यांवर एकच इमेज चढते, होस्ट-की (बोर्डाची ओळख पटवणारी की) पहिल्या बूटला बनते. ४० बोर्डांपैकी दोघांच्या कीचं फिंगरप्रिंट (कीची छोटी ओळखखूण) हुबेहूब एक निघालं. कर्नल लॉगमध्ये 'अनइनिशियलाइज्ड यूरँडम रीड' दिसतं (यूरँडम म्हणजे कर्नलचं यादृच्छिक बाइट देणारं डिव्हाइस). एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) एक पिन मोकळी आहे, तिच्या नॉइजने सीड करू का, म्हणजे जनरेटरला सुरुवातीचा यादृच्छिक मसाला देऊ का?

प्रतिसाद १
लॉगमधली ती ओळच निदान आहे. कर्नलकडे पुरेशी एन्ट्रॉपी (खरी अनिश्चितता) जमायच्या आत की बनली. ४.९ मधलं यूरँडम अशा वेळी थांबवून ठेवत नाही, हाताशी असेल ते देतं.

भरवशाचा उपाय फ्लॅश करतानाच करायचा. तिथल्या पीसीच्या यूरँडममधून प्रत्येक बोर्डासाठी वेगळे ३२ बाइट काढा, बोर्डावर ठेवा, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), पीसीवर प्रत उरू देऊ नका. इमेजच्या आत सीड घातलंत तर सगळ्या बोर्डांना एकच मिळून तोच घोळ पुन्हा.

बूटला ही फाइल नुसती यूरँडममध्ये 'कॅट' करू नका. बाइट मिसळले जातात, पण एन्ट्रॉपीची नोंद वाढत नाही आणि जनरेटर कच्चाच राहतो. रूटने 'आरएनडी-ॲड-एन्ट्रॉपी' हा आयऑक्टल (डिव्हाइसला द्यायची खास सूचना) वापरावा लागतो. बिझीबॉक्स १.३६ पासूनची 'सीडआरएनजी' हे करते. स्वतः लिहिणार असाल तर क्रम सांभाळा: फाइल वाचा, पुसा, एफसिंक करा (बदल खरोखर फ्लॅशवर उतरवा), मगच सीड कर्नलला द्या, आणि त्यानंतर नवं सीड लिहून ठेवा. आधी सीड वापरलं आणि पुसण्यापूर्वी वीज गेली, तर पुढच्या बूटला तेच सीड. ड्रॉपबेअर या सगळ्यानंतर सुरू व्हावं.

धागाकर्ता
मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आणि सीरियल नंबर सीडमध्ये मिसळले तर?

प्रतिसाद २
मिसळा, पण एन्ट्रॉपी शून्य धरा. मॅक त्याच नेटवर्कवरच्या कुणालाही दिसतो. शिवाय फिंगरप्रिंट वेगवेगळे दिसू लागतील आणि दोष झाकला जाईल, हे जास्त वाईट.

एडीसीचंही तसंच. मोकळी पिन ५० हर्ट्‌झची घरघर पकडते, त्यामुळे लागोपाठचे नमुने एकमेकांवर अवलंबून असतात. फॉन नॉयमनची जोड्यांची युक्ती (०१ ला ०, १० ला १, बाकी टाकून द्या) फक्त झुकाव (० किंवा १ जास्त येणं) काढते, हे अवलंबित्व नाही. चाचण्या कच्च्या नमुन्यांवर घ्या. एसएचए-२५६ मधून (हॅश फंक्शन, आकड्यांचा पार चुरा करतं) काढलेला साधा काउंटरसुद्धा सांख्यिकी चाचण्या पास होतो.

आणि आधी बनलेल्या सगळ्या की बाद करा, फक्त त्या दोन नव्हे. २००८ मध्ये उघड झालेल्या डेबियन या लिनक्सच्या ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) दोषात बदलता घटक प्रोसेस क्रमांकच उरला होता, एका आर्किटेक्चरवर एका प्रकारच्या आणि लांबीच्या की जेमतेम ३२,७६८ शक्यतांत बसत. त्याही एकेकट्या पाहिल्या तर चांगल्याच दिसायच्या.