गुरू-शिष्याचा ॲनिमेमधील प्रसंग निवडण्यासाठी मदत हवी आहे
आठवी-नववीच्या मुलांशी गुरूच्या शिकवणीवर चर्चा घ्यायची असून त्यासाठी मी ‘नारुतो’ या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकेतील गुरू काकाशीने घेतलेली परीक्षा निवडली आहे, तीन शिष्यांपुढे दोनच घंटा ठेवून तो वरवर स्पर्धा लावतो, पण पारखतो ती त्यांची एकजूट, आणि ही रचना मला विलक्षण वाटते. ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड’चा १२वा भागही पाहिला, ज्यात गुरू इझुमी आपल्या शिष्य असलेल्या दोघा भावांना किमयेचा वापर न करता बेटावर महिनाभर राहायला लावते. मात्र दोन्हीकडे अखेर गुरूच बरोबर ठरतो. मला शिष्याने गुरूची शिकवण विचारपूर्वक नाकारलेला प्रसंग हवा आहे. तो एकाच भागात समजावा आणि त्यात रक्तपात नसावा. इंग्रजी उपशीर्षके चालतील. अशा मालिकेचा नेमका कोणता भाग सुचवाल?