‘रोलिंग स्टोन’ला शेवाळ चढत नाही: शाबासकी की ठपका?

मिरजेची मावशी (धागा सुरू):
माझी भाची सांगलीत नववीला आहे. ‘अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस’ या म्हणीवर पाच ओळी लिहायला आल्या होत्या. तिनं लिहिलं, हिंडत-फिरत राहणाऱ्यावर शेवाळ चढत नाही, तो तरतरीत राहतो. बाईंनी शून्य दिला. ‘सारखी जागा आणि कामधंदा बदलणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही’ एवढाच अर्थ बरोबर म्हणे. मला हे अजिबात पटलेलं नाही. इंग्रजी बोलणारे, विशेषतः अमेरिकेत, आज ही म्हण कौतुकानंही वापरतात. आणि कृष्णेच्या घाटावर शेवाळ म्हणजे पाय घसरणार, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पोरीला ती कमाई कशी वाटावी?

निवृत्त मास्तर, सातारा:
ताई, मी बाईंच्या बाजूचा. सोळाव्या शतकात इरॅस्मसनं जमवलेल्या लॅटिन म्हणींत ही आहे, जॉन हेवूडच्या १५४६ च्या इंग्रजी संग्रहातही आहे. तिथं शेवाळ म्हणजे मिळकत, बसलेला जम. शेवाळाला खरी मुळं नसतात, ते दगडाला नुसतं चिकटून वाढतं. दगड गडगडत राहिला तर ते धरणार कसं? कौतुकाचा अर्थ नंतरचा आहे. पेपरात शिकवलेलाच अर्थ लिहावा, नाहीतर जो तो मनाला येईल ते लिहील.

विट्याचा गलाईवाला:
मास्तर, आमच्या खानापूर-आटपाडीकडं येऊन हे सांगा! पाऊस नाही, रान पिकत नाही, म्हणून आमची माणसं गाव सोडून निघाली. सोनं-चांदी गाळायच्या कामात देशभरातल्या सराफ पेठांमध्ये पोचली. घरं बांधली, पोरं शिकवली. हलली नसती तर काय पदरात पडलं असतं?

निवृत्त मास्तर, सातारा:
पण दादा, ती माणसं एकदा गेली आणि तिथंच पाय रोवून बसली. सराफ किलोनं सोनं गाळायला हातात देतो, तो वर्षानुवर्षांच्या ओळखीवर. दर सहा महिन्यांनी गाव बदलणाऱ्याला कोण देईल? तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं झालं.

विट्याचा गलाईवाला:
विश्वासाचं खरं आहे, ते नाकारत नाही. पण पहिल्यांदा गाव सोडायचं धाडस कुणी धरायचं? तेही त्या म्हणीत बसायला पाहिजे.

मिरजेची मावशी:
मास्तर, आपल्याकडंही ‘बारा गावचं पाणी प्यायलेला’ म्हणतात. कुणी अनुभवी म्हणून म्हणतो, कुणी बेरकी म्हणून. मराठीच्या पेपरात यातला एक अर्थ लिहिला म्हणून तुम्ही शून्य दिला असता का?

निवृत्त मास्तर, सातारा:
नसता दिला. अर्धे तरी दिले असते. पण जुना अर्थ तिला ठाऊक आहे का, हेही विचारलं असतं.

मिरजेची मावशी:
ठाऊक आहे, दोन्ही अर्थ तिनं मला समजावून सांगितले. शनिवारी उत्तरपत्रिका घेऊन बाईंना भेटणार आहे. अर्धे गुण मला मान्य नाहीत, पूर्णच मागणार.