लष्करात असतानाच मास्टर्सची परीक्षा देऊन टाकू का?

प्रश्न
नमस्कार मंडळी, कमिशन मिळून चार वर्षं झाली, सध्या कॅप्टन आहे, बाँडची, म्हणजे सक्तीच्या सेवेची, अजून तीन वर्षं बाकी. नंतर बाहेर पडून परदेशात एमबीए नाहीतर पब्लिक पॉलिसीत मास्टर्स करायचं मनात आहे. आत्ता ट्रेनिंग सेंटरला पोस्टिंग आहे त्यामुळे संध्याकाळचे दोन तास मिळतात, पण आठ महिन्यांनी युनिटला परत गेलो की फील्ड, मग नेटचासुद्धा भरवसा नाही. आत्ताच परीक्षा दिली तर स्कोअर वाया जाईल का?

उत्तर १
अजिबात नाही, आत्ताच दे. प्रवेशपरीक्षा जीमॅट काय नि जीआरई काय, स्कोअर 5 वर्षं चालतो. दोन्ही कोर्स डोक्यात असतील तर जीआरई बघ, एमबीएलाही बहुतेक ठिकाणी घेतात आणि पेपर आता दोन तासांत संपतो. मी 'पुढच्या पोस्टिंगला बघू' करत राहिलो आणि शेवटी पहाटे तीनला गार्ड चेक करून आल्यावर हेडलॅम्प लावून टक्केवारीची गणितं सोडवत बसायचो, एकच गणित चार वेळा चुकलेलं अजून आठवतंय. ती वेळ स्वतःवर आणू नकोस रे.

उत्तर २
परीक्षेइतकीच शिफारसपत्रांची काळजी घे, कारण आजचे सीओ (कमांडिंग ऑफिसर) तीन वर्षांनी कुठे असतील सांगता येत नाही. त्यांची बदली व्हायच्या आधी समोर बसून बोलून घे, वैयक्तिक ईमेल घेऊन ठेव. आणि आपल्याकडे 'अत्यंत शिस्तप्रिय अधिकारी' असं लिहायची सवय असते, त्याचा प्रवेशासाठी काही उपयोग नाही. एखादा ठरावीक प्रसंग हवा, तो तूच त्यांना आठवण करून दे.

उत्तर ३
सीव्ही सिव्हिलियन मित्राला नक्की वाचायला दे. मी लिहिलं होतं 'कंपनीच्या वाहनांच्या देखभालीची जबाबदारी', तर तो म्हणाला, बरं, पण तू ठरवलंस काय? मग सांगितलं की स्पेअर पार्ट येत नव्हते, दोन बंद गाड्यांचे पार्ट काढून बाकीच्या चालू ठेवायचा निर्णय मी घेतला आणि वरच्यांना तो पटवून दिला. तोच माझा निबंध झाला. फक्त जागा, आकडे, ऑपरेशनचे तपशील लिहू नकोस, पाठवण्याआधी युनिटकडून तपासून घे.

आणि एक, तुझी रिलीज, म्हणजे सेवेतून सुटका, कधी आहे? एमबीएच्या पहिल्या राउंडचे अर्ज बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरच्या आसपास बंद होतात आणि वर्ग पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात, म्हणजे वर्दीत असतानाच अर्ज करावा लागणार.

प्रश्नकर्ता
बाप रे, माझा बाँड ऑक्टोबरात संपतो! म्हणजे वर्ग सुरू होतील तेव्हा मी अजून युनिटमध्येच, अख्खं वर्ष जाईल. हे लक्षातच आलं नव्हतं. साठवलेली रजा शेवटी जोडून घेता येते का ते उद्या सकाळीच ॲडज्युटंटना (युनिटचं प्रशासन बघणाऱ्या अधिकाऱ्यांना) विचारतो, आणि परीक्षेची तारीख आज रात्रीच बुक करतोय. सगळ्यांचे मनापासून आभार.